बाजारभाव आणि मनोभाव

मराठी भाषेत वस्तूच्या किमतीलाही 'भाव' म्हणतात आणि मनात उठणाऱ्या विकारालाही 'भाव'च म्हणतात, आणि शेअर बाजारात पडझड सुरू झाली की या दोन अर्थांमधली भिंत कोसळून पडते, एवढी साधी गोष्ट ध्यानात घेतली तर गुंतवणुकीच्या मानसशास्त्राचा अर्धा अभ्यासक्रम पुरा होतो. उरलेला अर्धा 'गुंतवणूक' या शब्दात आहे. तो 'गुंतणे' या क्रियापदाच्या घरातला असून 'गुंता' हा त्याचा सख्खा भाऊ आहे. पैसा गुंतवला जातो असे माणूस म्हणत असला तरी आधी तो स्वतः गुंततो, आणि सोडवणूक करायची वेळ आली की दोघांपैकी कोणाला आधी बाहेर काढावे हे त्याला कळेनासे होते. क्रियापदांच्या बाबतीतही भाषेचा विवेक वाखाणण्याजोगा आहे: पैसे बँकेत 'ठेवले' जातात, शेअर बाजारात 'लावले' जातात आणि नातेवाइकाला 'दिले' जातात. जोखमीचा हा चढता क्रम कोणत्याही पतमानांकन संस्थेच्या मदतीशिवाय तयार झालेला आहे.

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंब दीर्घकाळ या क्रमाच्या पहिल्या पायरीवर सुखाने बसलेले होते. कपाटाच्या लॉकरमध्ये, दोन शालूंच्या घडीत ठेवलेली मुदत ठेवीची पावती हा या कुटुंबाचा आर्थिक आदर्श होय. ही पावती दिवसातून एकदाही हलत नाही, तिचा रंग बदलत नाही, ती संध्याकाळच्या बातम्यांत येत नाही आणि तिच्याविषयी शेजाऱ्याला काही मत नसते. १९८८ साली सुरू झालेल्या किसान विकास पत्राने साडेपाच वर्षांत दामदुप्पट देऊ केली, तेव्हा या आदर्शाला सरकारी शिक्काही मिळाला. परंतु व्याजदर उतरत गेले आणि त्याच पत्रातील रक्कम दुप्पट व्हायला एप्रिल २०२३ च्या दरानुसार ११५ महिने, म्हणजे नऊ वर्षे सात महिने लागू लागले, तेव्हा महागाई ही चोरपावलांनी येऊन पावतीतला काही भाग दरवर्षी खाऊन जाते, हे उशिरा का होईना, लक्षात आले. कुटुंबप्रमुखाने मग नाइलाजाने मान वळवून दुसऱ्या पायरीकडे पाहिले, आणि नेमके त्याच वेळी मुलाने त्याच्या मोबाइलमध्ये एक ॲप घालून दिले. पुढील विवेचन मुख्यतः त्या ॲपनंतरच्या काळाविषयी आहे.

तथापि, चंचलता हे मोबाइलचे अपत्य आहे असा समज करून घेणे मुंबईच्या इतिहासावर अन्याय करणारे ठरेल. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत एवढा पैसा ओतला गेला की तो ठेवायला जागा पुरेना. तेव्हा समुद्र बुजवून जागा करणाऱ्या कंपन्याच निघाल्या. बॅक बे बुजवणाऱ्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. १८६५ साली युद्ध संपले, कापूस उतरला, वायद्यांचे हिशेब चुकते करण्याची १ जुलै ही तारीख उजाडली आणि बुजवायला घेतलेल्या समुद्रात बुजवणारेच बुडाले. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० रुपयांवर चढला होता, तो पुढे ८७ रुपयांना विकावा लागला. एवढे होऊनही टाउन हॉलजवळच्या वडाखाली जमणाऱ्या दलालांनी तो वृक्ष सोडून वैराग्य पत्करले नाही. त्यांनी १८७५ साली रीतसर संघटना स्थापन केली आणि आजचा मुंबई शेअर बाजार तिच्यातूनच वाढला. वडाला फेरे घालून सात जन्मांची हमी मागण्याची परंपरा ज्या प्रदेशात आहे, तेथे बाजाराचा जन्मही वडाखालीच व्हावा, हा योगायोग म्हणून सोडून देता येतो. पण फेरे घालणाऱ्या स्त्रिया दर पंधरा मिनिटांनी नवऱ्याचा भाव पाहत नाहीत, हा फरक नोंदवून ठेवायला हवा.

आता 'चंचलता' म्हणजे नेमके काय, हे पाहू. एखाद्या शेअरचा किंवा निर्देशांकाचा भाव आपल्या सरासरीच्या वरखाली किती आणि किती वेळा हेलकावतो, त्याचे हे माप आहे. निर्देशांक म्हणजे निवडक कंपन्यांच्या भावांवरून काढलेला एकच आकडा. सेन्सेक्समध्ये अशा ३० कंपन्या असून १९७८-७९ या वर्षी तो १०० होता असे मानून पुढचे मोजमाप केले जाते. चंचलता दोन्ही दिशांची असते, हे शास्त्राचे मत. व्यवहारात मात्र बाजार एका दिवसात तीन टक्के चढला तर त्याला कोणी चंचल म्हणत नाही; तेव्हा तो 'मजबूत' असतो आणि त्यात आपल्या अभ्यासाचाही वाटा असतो. तो तेवढाच उतरला की चंचल ठरतो, आणि त्यात परदेशी वित्तसंस्था, सरकार, अमेरिकेचे अध्यक्ष व ज्याच्या सांगण्यावरून शेअर घेतला तो साडू यांचा वाटा असतो.

पडझडीच्या वार्तांकनासाठी मराठी वृत्तपत्रांनी क्रियापदांचे जे भांडार जमवले आहे, त्याची बरोबरी कुस्तीच्या वार्तांकनालाही करता येणार नाही. निर्देशांक घसरतो, गडगडतो, आपटतो, कोसळतो, गटांगळी खातो आणि क्वचित दुपारनंतर सावरतो. या सर्वांत गुंतवणूकदाराच्या झोपेवर सर्वाधिक परिणाम करणारे क्रियापद म्हणजे 'बुडाले'. 'गुंतवणूकदारांचे इतके लाख कोटी बुडाले' या वाक्यात बाजारमूल्याचा हिशेब दडलेला असतो. कंपनीच्या एकूण शेअरांना त्या दिवसाच्या शेवटच्या भावाने गुणले की तिचे बाजारमूल्य निघते. काल शंभराला गेलेला शेअर आज नव्वदला गेला, तर एकही शेअर न विकलेल्या कोट्यवधी माणसांचे प्रत्येकी दहा रुपये त्या गुणाकारात नाहीसे होतात. हे पैसे कोणत्या समुद्रात बुडाले हे बातमीत दिलेले नसते, आणि भाव पुन्हा शंभरावर आला की 'इतके लाख कोटी तरंगून वर आले' अशी बातमीही कधी छापून येत नाही.

या बाबतीत जून २०२४ च्या पहिल्या आठवड्याइतका नमुनेदार आठवडा शोधून सापडणार नाही. लोकसभा निवडणुकीच्या मतदानोत्तर चाचण्या शनिवारी संध्याकाळी आल्या, आणि सोमवारी, ३ जूनला, सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी उसळून ७६,४६९ वर गेला. ज्यांनी आजवर बाजाराला हात लावला नव्हता त्यांनीही त्या दिवशी, बस सुटत असताना चालत्या बसचा दांडा धरावा तशी, घाईने खरेदी केली. मंगळवारी प्रत्यक्ष मतमोजणीने चाचण्यांना खोटे पाडले, सेन्सेक्स ४,३९० अंशांनी कोसळून ७२,०७९ वर आला आणि सुमारे ३१ लाख कोटी रुपये वर सांगितलेल्या अर्थाने बुडाले. सोमवारी दांडा धरलेल्यांनी मंगळवारी उड्या टाकल्या. बुधवारी बाजार दोन हजार तीनशे अंशांनी वर आला. शुक्रवारी तो ७६,६९३ वर बंद झाला, म्हणजे सोमवारच्या तुलनेत सुमारे सव्वादोनशे अंश अधिक. याचा अर्थ असा की, जो गृहस्थ त्या सोमवारी संध्याकाळी भावकीतल्या लग्नासाठी मोबाइलला रेंज नसलेल्या गावी गेला आणि शुक्रवारी रात्री परतला, त्याच्या लेखी त्या आठवड्यात काहीही घडले नाही. फार तर श्रीखंड जरा आंबट होते. चार दिवस अर्थविषयक वाहिन्यांसमोर बसून प्रत्येक तज्ज्ञाचे ऐकणारा मात्र दोनदा दलाली देऊन, वर कराचा हिशेब डोक्यावर घेऊन, कमी शेअरांसह त्याच जागी परतला.

अज्ञान हे शहाणपण आहे, असा निष्कर्ष येथे कोणी काढू नये. निर्णय चुकतो तो माहितीच्या अभावापेक्षा वेळेच्या निवडीमुळे, एवढेच म्हणावयाचे आहे. बाजाराचे कामकाज सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन या वेळेत चालते, आणि पैशाविषयीचे बहुतेक वाईट निर्णय नेमके याच वेळेत घेतले जातात. या वेळेतल्या गुंतवणूकदाराचे जवळून निरीक्षण केले असता पुढील गोष्टी दिसतात. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडलेला असतो. डाव्या हातात मोबाइल, उजव्या हातात पोळीचा तुकडा. अंगठा पडदा खाली ओढून सोडतो, एक लहानसे वर्तुळ गरगरते आणि आकडे नव्याने उमटतात. आकडा लाल असला तर घास तोंडाजवळ थांबतो. भाजी कशाची होती हे संध्याकाळी घरी विचारले गेल्यास सांगता येत नाही. सहकाऱ्याने 'कसा आहे बाजार?' असे विचारल्यास 'आपण लाँग टर्मवाले' हे उत्तर मिळते, आणि ते देत असतानाच अंगठा पुन्हा पडदा खाली ओढतो. 'लाँग टर्म' या संज्ञेची व्याख्या आयकर खात्याने सूचिबद्ध शेअरांपुरती बारा महिन्यांहून अधिक काळ अशी केली आहे, परंतु निरीक्षणांती असे दिसते की सामान्य वापरात तिचा अर्थ 'घेतलेल्या भावाच्या खाली असेपर्यंतचा काळ' असा आहे.

या 'घेतलेल्या भावा'भोवती एक स्वतंत्र धर्म उभा आहे. गुंतवणूकदार त्याला 'आपला भाव' म्हणतो. 'आपल्या भावाला आला की काढून टाकतो' हे वाक्य महाराष्ट्रात जितक्या श्रद्धेने उच्चारले जाते, तितक्या श्रद्धेने नवसही बोलले जात नसावेत. अमुक गृहस्थाने तमुक शेअर ४१२ रुपयांना घेतला होता ही बातमी कंपनीला, तिच्या कामगारांना आणि स्पर्धकांना कोणीही कळवलेली नसते. तरीही शेअरने त्या गृहस्थाच्या मनाचा मान राखून ४१२ वर परत यावे, अशी त्याची अपेक्षा असते. डॅनियल कानमन आणि एमस टव्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलेल्या सिद्धांताचा एक भाग असा की, मनुष्य लाभ-हानीचे मोजमाप एखाद्या ठरावीक आधारबिंदूपासून करतो आणि तेवढ्याच लाभाच्या आनंदापेक्षा हानीचे दुःख त्याला बरेच अधिक, पुढील मोजमापांनुसार साधारण दुप्पट, जाणवते. लोकलमध्ये विसरलेली छत्री वर्षभर आठवते. कोणाची तरी विसरलेली छत्री घरी आली असेल तर ती दुसऱ्या पावसाळ्यात आपलीच वाटू लागते. पुढे १९८५ साली हर्श शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन यांनी दाखवून दिले की, याच वृत्तीपोटी गुंतवणूकदार वर गेलेले शेअर घाईने विकतो आणि खाली गेलेले जपून ठेवतो. बागेतली फुललेली झाडे उपटून वाळलेल्यांना पाणी घालण्याचा हा प्रकार घरोघरी चालतो, आणि त्याचे समर्थन 'विकला नाही तोवर तोटा कागदावरच' या वाक्याने केले जाते. हे गृहस्थ नफ्याला मात्र कागदावरचा म्हणत नाहीत. तो त्यांनी मनातल्या मनात स्वयंपाकघराच्या नव्या ओट्यावर खर्चही केलेला असतो.

शेअर ठेवावा की विकावा याचा निर्णय करण्यासाठी एकच प्रश्न उपयोगी पडतो: आज हा शेअर हाती नसता आणि तेवढी रोकड हाती असती, तर आजच्या भावाने तो घेतला असता काय? उत्तर 'नाही' असे असेल तर '४१२' या आकड्याचा विषय संपतो. हा प्रश्न इतका साधा आहे की तो सहसा कोणी विचारत नाही.

टिप या संस्थेचा विचार केल्याशिवाय कोणतेही विवेचन पूर्ण होणार नाही. टिप ही नेहमी 'आतून' आलेली असते. आत म्हणजे कुठे, हे विचारणे शिष्टाचाराला धरून नाही. ती केस कापताना मिळते, बारशाच्या पंगतीत मिळते, आठ सत्तेचाळीसच्या फास्ट लोकलमधल्या चौथ्या सीटवर मिळते, आणि हल्ली तर झोपेत असतानाच मोबाइलवरच्या एखाद्या समूहात आपल्याला परस्पर सामील करून घेतले जाऊन मिळते. घ्यायचे केव्हा हे टिपेत असते. विकायचे केव्हा हे नसते, कारण तोवर टिप देणारा विकून मोकळा झालेला असतो आणि बहुधा त्याने ज्याला विकले तो आपणच असतो. कायद्याच्या बाजूने पाहता स्थिती अशी की, कंपनीच्या आतली अप्रसिद्ध माहिती वापरून व्यवहार करण्यास सेबीच्या, म्हणजे १९९२ साली वैधानिक अधिकार मिळालेल्या बाजार-नियामक मंडळाच्या, नियमांनी मनाई आहे. म्हणजेच टिप खरी असेल तर गुन्हा आणि खोटी असेल तर तोटा. इतक्या नेमक्या दुहेरी संकटात इतक्या आनंदाने उडी घेण्याचे दुसरे उदाहरण शोधायचे तर विवाहसंस्थेकडेच वळावे लागेल.

वायदे आणि पर्याय या विभागाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. वायद्यात पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवला जातो, पर्यायात तो व्यवहार करण्याचा किंवा न करण्याचा हक्क लहानशी किंमत देऊन विकत घेतला जातो. शेतमालाच्या व्यापाऱ्याने किंवा मोठ्या वित्तसंस्थेने आपली जोखीम उतरवण्यासाठी काढलेले हे साधन आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या विभागात व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला आणि सर्वांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांवर गेला. हा आकडा वाचून माणूस सावध होईल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात वाचणारा उरलेल्या सात टक्क्यांत स्वतःची जागा राखून ठेवतो आणि ९३ टक्क्यांविषयी हळहळ व्यक्त करतो.

मग चंचल काळात शहाणा निर्णय म्हणतात तो कसा असतो? पहिली गोष्ट अशी की, तो कंटाळवाणा असतो आणि म्हणूनच त्याच्यावर कोणी पंगतीत बोलत नाही. किमान सहा महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत बाजूला असावा, असे सांगितले जाते. याचे खरे कारण व्याज हे नसून, आई अचानक रुग्णालयात दाखल झाली तर त्या दिवशीच्या भावाने शेअर विकायची पाळी येऊ नये, हे आहे. बाजार आणि आजारपण यांनी एकमेकांच्या तारखा न पाहण्याचे व्रत घेतलेले असते. दुसरी गोष्ट मुदतीची. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्सने २१,००० ओलांडले, त्याच ऑक्टोबरात तो ८,००० च्याही खाली आला. २०१० च्या दिवाळीत तो पुन्हा २१,००० वर दिसला, पण टिकला नाही. नवा उच्चांक पाहायला २०१३ ची दिवाळी उजाडावी लागली. म्हणजे 'धीर धरा, बाजार वर येतोच' हे खरे असले तरी तो मुलीच्या लग्नाच्या मुहूर्ताला वर येईल, असे त्याने कधीही लिहून दिलेले नाही. जपानचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या डिसेंबरात ज्या उंचीवर बंद झाला, ती ओलांडायला त्याला फेब्रुवारी २०२४ उजाडली. चौतीस वर्षे हा काळ 'लाँग टर्म'च्या कोणत्याही व्याख्येत बसतो, फक्त गुंतवणूकदार त्यात बसेलच असे नाही. पाच-सहा वर्षांच्या आत ज्या पैशाचे काम आहे तो शेअरांत नसावा, आणि सगळाच पैसा एका देशाच्या, एका क्षेत्राच्या किंवा एका साडूच्या भरवशावर नसावा, हे येथून निघते. विदर्भातला शेतकरी कपाशीच्या ओळींत तुरीच्या ओळी घेतो, तेव्हा त्याला कोणी विविधीकरणाचे व्याख्यान दिलेले नसते. बोंडअळीने कपाशी खाल्ली तर निदान डाळ हाती लागावी, एवढाच त्याचा हिशेब असतो.

नियतकालिक गुंतवणूक, म्हणजे सर्वतोमुखी झालेली एसआयपी, हा या शहाणपणाचा यंत्रवत प्रकार होय. दरमहा ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम म्युच्युअल फंडात जाते आणि त्या दिवशीच्या भावाने जितकी युनिटे येतील तितकी येतात. समजा, दरमहा हजार रुपये घातले आणि तीन महिन्यांचे भाव ५०, २५ व ४० असे होते; तर अनुक्रमे २०, ४० व २५ अशी ८५ युनिटे जमली, प्रत्येक युनिट सरासरी ३५ रुपये २९ पैशांना पडले, आणि भाव पन्नासावरून चाळीसावर उतरलेला असूनही तीन हजारांचे ३,४०० झाले. ही किमया दुसऱ्या महिन्याने केली, ज्या महिन्यात भाव निम्मा झाला होता. आणि एसआयपी बंद करण्याचे अर्ज नेमके दुसऱ्या महिन्यातच केले जातात. (भाव पुढेही उतरतच राहिला तर या पद्धतीतही तोटा होतो, तिच्यात जादू नाही, शिस्त आहे.) भिशीत असे होत नाही. यंदाची चिठ्ठी दुसऱ्याच वहिनींच्या नावावर निघाली म्हणून कोणी भिशी अर्ध्यावर सोडत नाही, कारण सोडल्यास पुढची सहा वर्षे सोसायटीच्या जिन्यात तोंड चुकवावे लागेल. म्युच्युअल फंडांच्या पाठीशी नियमावली, लेखापरीक्षण आणि जाहिराती असतील, पण त्यांना या जिन्याचे बळ नाही.

विभागणीचा फेरमेळ हा याहून अवघड प्रकार आहे, कारण तो स्वभावाच्या थेट विरुद्ध जातो. दहा लाखांपैकी सहा शेअरांत व चार ठेवींत, अशी विभागणी ठरवली आणि शेअर तीस टक्क्यांनी पडले, तर शेअरांत ४.२० लाख, ठेवींत चार लाख, एकूण ८.२० लाख उरतात. साठ टक्क्यांचे प्रमाण पुन्हा साधायचे तर शेअरांत ४.९२ लाख हवेत. म्हणजे ठेवींतून ७२ हजार काढून, ज्याने नुकतेच एक लाख ऐंशी हजार गिळले, त्याच्याच हातात द्यायचे. तर्क निर्दोष आहे, आणि प्रत्येक घरात तो मांडला की घरातली एक ज्येष्ठ व्यक्ती चष्मा काढून मांडणाऱ्याकडे बराच वेळ पाहते. उलट दिशेनेही हाच नियम लागू असतो: शेअर भरमसाट चढले की थोडे विकून ठेवींत घालायचे, आणि शेजारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये नवी गाडी लावत असताना ते निमूटपणे पाहायचे. दोन्हींपैकी अधिक यातना कशात, यावर मतभेद आहेत.

हे सर्व निर्णय सव्वानऊ ते साडेतीनच्या बाहेर, शक्यतो रविवारी दुपारच्या जेवणानंतर घ्यावेत, आणि वहीच्या पानावर लिहून ते पान त्या जुन्या पावतीशेजारी शालूंच्या घडीत ठेवावे, असे सुचवावेसे वाटते. बाजार वीस टक्के पडला तर काय करायचे, चाळीस टक्के पडला तर काय, हे शांतपणी लिहिलेले असले की पडण्याच्या दिवशी विचार करण्याचे काम उरत नाही, फक्त वाचण्याचे उरते. बाजाराचे नियमही याच तत्त्वावर बेतलेले आहेत. निर्देशांक दुपारी एकच्या आत दहा टक्के हलला तर व्यवहार पंचेचाळीस मिनिटे बंद ठेवले जातात. या तरतुदीला शासनमान्य सक्तीचा चहा म्हणता येईल. मार्च २०२० मध्ये, करोनाच्या सावटात, हा चहा दोनदा पाजला गेला. १३ तारखेला चहानंतर बाजार एवढा सावरला की तेराशे पंचवीस अंश वर बंद झाला. २३ तारखेला चहानंतरही पडतच राहिला आणि एका दिवसात तेरा टक्क्यांहून अधिक घसरून २५,९८१ वर थांबला. दोन्ही सकाळी पडद्याचा रंग सारखाच लाल होता, आणि कोणत्या सकाळनंतर कोणती दुपार येणार हे कोणालाही ठाऊक नव्हते, वाहिनीवरच्या तज्ज्ञांना तर मुळीच नाही. पुढच्या जानेवारीत सेन्सेक्सने ५०,००० ला स्पर्श केला, तेव्हा मार्चमध्ये विकलेल्यांनी तो 'फुगा' असल्याचे जाहीर केले, आणि तो आणखी वर गेल्यावर खरेदी केली.

शेवटी विस्मरणाचा उल्लेख करायला हवा, कारण काहीही न करण्याच्या कलेत विसराळू माणूस सर्वांच्या पुढे असतो. आजोबांनी कधीकाळी घेतलेल्या शेअरांची कागदी प्रमाणपत्रे माळ्यावरच्या ट्रंकेत, लग्नपत्रिका आणि रेशनकार्डांच्या खाली सापडल्याच्या घटना महाराष्ट्रात नव्या नाहीत. १९९२ चा घोटाळा, २००८ ची मंदी, करोना यांपैकी कशाचीही या कागदांना वार्ता नसते. एखादी घडी पडलेली असते, फार तर कोपरा कसर खाते. परंतु कायदा विस्मरणालाही मर्यादा घालतो. सलग सात वर्षे लाभांशावर कोणी हक्क सांगितला नाही, तर तो लाभांश आणि त्यासोबत ते शेअरही सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. आणि कागदी शेअर एप्रिल २०१९ पासून दुसऱ्याच्या नावे हस्तांतरितही करता येत नाहीत, आधी ते डिमॅट, म्हणजे संगणकीय नोंदीच्या रूपात आणावे लागतात. मग नातू वारसाचे दाखले जमवतो, सही जुळत नाही म्हणून बँकेकडून ती साक्षांकित करून आणतो, निधीकडे अर्ज करतो, कंपनीशी पत्रव्यवहार करतो, आणि बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी ते शेअर त्याच्या डिमॅट खात्यात हिरव्या अक्षरांत अवतरतात. तीन दशके ज्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते, त्या शेअरांचा भाव तो त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत अकरा वेळा पाहतो. दुपारी दीडच्या सुमारास आकडा किंचित लाल होतो, घास तोंडाजवळ थांबतो, आणि तो समोरच्या सहकाऱ्याला विचारतो, "अरे, आज जरा पडतोय. काढून टाकू का?"